ऊसतोड सुरू झाली: जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या वस्त्यांनी बिबट्यापासून काय सांभाळायचं

बांधावरचा

कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडली, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्या. आता मार्च-एप्रिलपर्यंत रोज कुठला ना कुठला उसाचा फड मोकळा होणार. आपल्याकडे बिबट्याचा त्रास बारमाही असला तरी हे चार-पाच महिने वेगळे असतात, ते का हे आधी सांगतो.

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, सुरू बारा महिने, त्यावर पुन्हा त्याच बुडख्यांतून फुटलेला खोडवा. आत सावली, ओलावा, पाटाचं पाणी, रानडुकरं, आणि शेजारच्या वस्तीवर कुत्री नि शेरडं. मादीचा गाभणकाळ तीन-साडेतीन महिन्यांचा, पिल्लं दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतात. म्हणजे एकाच उसात पिल्लं जन्मतात आणि तिथंच मोठी होतात. त्यांच्यासाठी ऊस हेच रान. कोयता लागला की ते रान एका दिवसात जातं आणि मादी पिल्लं घेऊन शेजारच्या फडात, मक्यात, गिन्नी गवतात, नाहीतर घरामागच्या केळीत शिरते. काल जिथं काही नव्हतं तिथं आज ती असते. म्हणून "आमच्या वस्तीवर कधी आला नाही" यावर या दिवसांत अवलंबून राहू नका. शेजारचा ऊस तुटला की पुढचे आठ-दहा दिवस आपली पाळी समजून वागायचं.

संध्याकाळी साधारण सहा ते नऊ आणि पहाटे उजाडायच्या आधी, या दोन वेळा सगळ्यात वाईट. नेमकी तेव्हाच धार काढणं, वैरण टाकणं, परसाकडं जाणं आणि पोरांचं अंगणात खेळणं असतं. ज्याला जे नक्की माहीत आहे ते मापासकट लिहा. ऐकीव नको.

शेरडंकरडं

भाऊ, पहिला प्रश्न माझाच. बारा शेळ्या आहेत. सहा फुटी चेनलिंक जाळी चारी बाजूंनी, वरून मोकळं, कडेला चिंचेचं झाड. एवढं पुरतं का?

जाळीवाला

नाही पुरत. सहा फूट तो बसल्या जागेवरून ओलांडतो, आणि झाडावरून तर उतरायलाच सोपं. वरून मोकळा वाडा म्हणजे त्याला आत यायला वाट आणि शेळ्यांना पळायला जागा नाही. एका रात्रीत आठ-दहा शेळ्या मेल्याचं जे ऐकतो ते बहुतेक अशाच वाड्यांत घडतं. त्याला एकच न्यायची असते, पण कोंडलेल्या शेळ्या भोवती उड्या मारतात आणि हलेल त्याच्यावर तो झडप घालत राहतो.

करायचं असं. खाली तीन फूट विटांची नाहीतर ब्लॉकची भिंत. भिंत जमत नसेल तर तेवढ्या उंचीला पत्रा मारा. याचं कारण नीट समजून घ्या: जाळीला टेकून बसलेल्या शेळीचा पाय तो जाळीतून पंजा घालून ओढतो. शेळी आतच राहते, पाय मात्र फाटतो. भिंतीच्या वर थेट छपरापर्यंत जाळी, दोन इंची भोकाची, दहा किंवा बारा गेज जाडीच्या तारेची. शेडनेट, मासेमारीची जाळी, कोंबड्यांची षटकोनी जाळी यांचा काही उपयोग नाही, ती नखानं फाटते. खांब दोन इंची पाइपाचे, आठ फुटांवर एक, खाली काँक्रीट. जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगानं बांधायची. बाहेरून धक्का बसला की ती खांबावर दाबली जाते. आतून बांधली तर सगळा जोर बाइंडिंगच्या तारेवर येतो आणि तार तुटते.

वर पत्रा. पैसे कमी असतील तर वरही तीच जाळी चालेल, फक्त मध्ये आडवे पाइप द्या, नाहीतर त्याच्या वजनानं ती झोळीसारखी खाली येते. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हवेसाठी जी फट ठेवतात तिथंही जाळी मारा. बहुतेक ठिकाणी तो शिरतो तिथूनच.

दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणारं दार बाहेरून ढकललं की सगळा भार एका कडीवर. बाहेर उघडणारं ढकललं की चौकटीवर बसतं. कडी वर एक, खाली एक, आणि दोन्हींत खिट्टी. दाराखाली चार इंचांपेक्षा जास्त फट नको. खालची माती शेळ्यांच्या खुरांनी दर महिन्याला उकरली जाते, म्हणून उंबऱ्याला एक ओळ फरशी टाका. आणि चिंचेची वाड्यावर आलेली फांदी आजच तोडा.

शेरडंकरडं

समजलं. आणि कुत्रं? ते बाहेर राखणीला ठेवलंय.

जाळीवाला

रात्री कुत्रं आत घ्या. साखळीनं बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते बिबट्याला अंगणात बोलावतं. अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात बिबट्यांच्या अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांच्या गटानं केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, जवळजवळ 39 टक्के. शेळ्या त्यामानानं बऱ्याच कमी. गावात मोकाट कुत्री जितकी जास्त तितका बिबट्या घरांजवळ फिरतो. ती कुत्री जगतात उकिरड्यावर आणि मेलेल्या कोंबड्यांवर, म्हणजे सुरुवात तिथून करायची.

बांधावरचा

कोंबड्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्या पट्ट्यात पोल्ट्री शेड भरपूर, आणि मेलेले पक्षी पोत्यात भरून ओढ्यात टाकायची सवयही आहे. त्या एका पोत्यावर कुत्री, डुकरं आणि त्यांच्यामागे बिबट्या. शेडपासून आणि विहिरीपासून लांब पाच फूट खोल खड्डा घ्या. रोजचे पक्षी टाकले की वर चुन्याचा थर आणि त्यावर किमान वीतभर माती. खड्डा भरत आला की शेवटचे दोन फूट नुसती माती. तोंडावर जाळीचं झाकण, त्यावर दगड. ग्रामपंचायतीनं शेडवाल्यांना हे लेखी कळवावं.

फडकरी

ऊसतोडीबद्दल लिहितो. टोळ्यांना, मुकादमांना हे वाचून दाखवा. त्यातले बरेच जण बीड, नगर भागातून येतात, आपल्या शिवाराचा त्यांना अंदाज नसतो.

फड चारी बाजूंनी कापत मध्ये आणू नका. बहुतेक ठिकाणी लवकर उरकावं म्हणून दोन-तीन टोळ्या वेगवेगळ्या कडांनी लावतात आणि शेवटी मध्ये पाच-सात गुंठ्यांचा ठोकळा राहतो. आत जे काही असेल ते त्यात कोंडलं जातं, आणि बाहेर पडायला वाट फक्त माणसांमधून. वस्ती आणि रस्ता ज्या बाजूला आहे तिकडून तोड सुरू करा आणि शेजारच्या उभ्या उसाकडे किंवा ओढ्याकडे सरकत जा. ती एक बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवायची. तिकडं ट्रॅक्टर, टायरगाडी लावायची नाही आणि माणसंही उभी करायची नाहीत.

सकाळी कोयता लावायच्या आधी दहा मिनिटं पत्र्याचा डबा वाजवत, बोलत कडेकडेनं एक फेरी मारा. फटाके आत फेकू नका, पाचट पेटतं. ऊस पेटवून तोडायचा तर विषयच नको. पिल्लं चालती झालेली नसतील तर ती जागेवर जळतात, आणि चवताळलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते.

आतून गुरगुर ऐकू आली की काम थांबवायचं. "पोरं हुसकावतील" असं म्हणून आत कुणाला पाठवायचं नाही. सगळ्यांनी तोंड फडाकडे ठेवून एकत्र मागं यायचं आणि 1926 ला फोन करायचा. तो वनविभागाचा हॅलो फॉरेस्टचा नंबर आहे. स्थानिक वनरक्षकाचा नंबर मुकादमाच्या मोबाइलमध्ये आधीपासून हवा.

टोळीच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, उसाच्या कडेला नकोतच. मोकळ्या माळावर, उभ्या पिकापासून जितक्या लांब जमेल तितक्या लांब आणि एकमेकींना लागून घाला, एकेकटी कोपी सुटी नको. पहाटे तीन-चारला माणसं फडात जातात आणि लेकरं कोपीत एकटी झोपलेली असतात, यात सगळ्यात मोठा धोका आहे. दहा कोप्यांमागं दोन मोठी माणसं मागं राहिलीच पाहिजेत. शेतकऱ्यानं एका एलईडी दिव्याची वायर ओढून द्यावी. फडात नेलेलं तान्हं लेकरू बांधावर झोळीत ठेवू नका, गाडीच्या साट्यात माणसांच्या नजरेसमोर ठेवा.

पाचटातलं_बछडं

पिल्लं सापडली तर? दरवर्षी कुणीतरी उचलून घरी आणतं, पोरं मांडीवर घेऊन फोटो काढतात.

फडकरी

हात लावायचा नाही. आधी ओळख सांगतो, कारण निम्म्या वेळा ती रानमांजराची निघतात. रानमांजराचं पिल्लू मातकट, अंगावर फिकट पट्टे, शेपूट आखूड. बिबट्याच्या पिल्लाचं अंग काळपट राखाडी, ठिपके दाट नि एकमेकांत मिसळलेले, पंजे अंगाच्या मानानं मोठे, शेपूट लांब.

बिबट्याची असतील तर तेवढ्या भागातली तोड त्या दिवशी बंद. आजूबाजूचा थोडा ऊस उभा ठेवा, कारण मादीला यायला आडोसा लागतो. माणसं लांब करा, वनविभागाला कळवा. ते आणि त्यांच्याबरोबरचे पशुवैद्य पिल्लं तपासतात आणि अंधार पडायच्या वेळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, जवळ कॅमेरा लावतात. बहुतेकदा मादी त्याच रात्री येऊन एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. त्या रात्री त्या रानात पाणी धरायला जायचं नाही, बॅटऱ्या मारत बघायलाही जायचं नाही. पिल्लं हलवली तर मादी दोन-चार दिवस ओरडत त्याच शिवारात हिंडते. तिच्या वाटेत जो येईल त्याला धोका.

थ्रीफेज

रात्रीच्या पाण्याबद्दल. शेतीला थ्री फेज पाळीनं येते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. रात्रीची पाळी बंद व्हावी ही मागणी रास्त आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीतून ज्या फीडरला दिवसा वीज मिळू लागली तिथं फरक दिसतो. ज्या गावात गायरान जागा आहे तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव करून सौर प्रकल्पाचा प्रस्ताव पुढं पाठवावा. पण तोवर पिकाला पाणी द्यावं लागणारच, म्हणून लिहितो.

एकट्यानं जायचं नाही. दोघं जा, आणि दोघं एकाच सरीत वाकू नका: एक दारं धरतो, म्हणजे सरीत पाणी वळवतो, दुसरा उभा राहून बॅटरी फिरवतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावराएवढा दिसतो. गवत कापणाऱ्या, खुरपणाऱ्या बायका आणि शौचाला बसलेली माणसं याच कारणानं सापडतात. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड भागात एकामागून एक माणसं गेली, त्यानंतर तिथं लोक मानेला खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागले. तो मानच धरतो, म्हणून मान झाकणं चुकीचं नाही. पण पट्टा घातला म्हणून एकट्यानं उसात शिरू नका.

स्टार्टरच्या पेटीभोवती पंधरा फूट जागा साफ ठेवा. पेटी उसाच्या कडेला असेल तर खांबावरून वायर वाढवून बांधावर आणा. मोबाइल स्टार्टर बसवला तर रात्रीची निम्मी चक्कर वाचते. मात्र एक लक्षात ठेवा: मोटरीवर किंवा वायरवर काम करताना मोबाइल स्टार्टर आणि ऑटो दोन्ही बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवायचा. नाहीतर वीज आली की मोटर आपोआप चालू होते आणि हातात करंट उतरतो. व्हॉल्व्हचे कॉक सगळे एकाच जागी बांधाच्या कडेला आणा. फोनवर मोठ्यानं गाणी, रेडिओ लावून ठेवा. आवाज आला तर तो बहुतेक वेळा आधीच बाजूला होतो. गडबड होते ती अचानक अंगावर गेलं की.

विहिरीकाठ

कुंपणात थेट लाइटचा करंट सोडणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. आकडा टाकून तारेत सोडलेल्या करंटनं बिबट्या मरतो तसा पहाटे पाणी बघायला आलेला शेजारीही मरतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचा गुन्हा वेगळा आणि माणूस मेला तर त्याचा वेगळा. करायचंच तर झटका मशीन घ्या. ते बॅटरीवर चालतं आणि सेकंदाला एक असा क्षणभराचा झटका देतं, सतत करंट सोडत नाही, म्हणून चिकटून राहायला होत नाही. तारा जमिनीपासून एक, दोन, तीन आणि चार फुटांवर. अर्थिंगचा रॉड ओल्या जागी किमान तीन फूट आत. गवत तारेला टेकलं की सगळा झटका जमिनीत जातो, मशीन टिकटिक करत राहतं आणि आपल्याला वाटतं चालू आहे. आठवड्याला गवत कापा आणि टेस्टरनं शेवटच्या टोकाला तपासा.

कॉलेजरोड

एवढं सगळं गावानं करायचं, मग वनविभाग काय करणार? सरळ पिंजरे लावा, सगळे बिबटे पकडा आणि लांब जंगलात सोडा.

रानवाट

राग बरोबर आहे. ज्या घरातलं लेकरू गेलं त्यांच्यासमोर कुणी शहाणपण शिकवू नये. पण लांब सोडण्याचा उपाय आपल्याच तालुक्यात करून झालाय, त्याचं काय झालं ते माहीत असावं. 2001 पासून दोन-तीन वर्षं जुन्नर वनविभागात बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दूरच्या जंगलांत सोडले. त्यानंतर या वनविभागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. पकडताना झालेली जखम, पिंजऱ्यातले दिवस, अनोळखी जागा आणि तिथं आधीच असलेले बिबटे, असा तो बिथरलेला प्राणी रस्ता शोधत माणसांच्या वस्त्यांतून चालू लागतो. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका नराला माग काढणारी कॉलर लावून माळशेजला सोडलं, तो महिनाभरात चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोचला. म्हणजे सोडलं तिथं ते राहत नाहीत.

दुसरं, एक पकडला की जागा मोकळी होते. अकोले तालुक्यातल्या त्याच शिवारात 100 चौरस किलोमीटरला सरासरी पाच मोठे बिबटे निघाले होते. मोकळ्या जागेत महिनाभरात दुसरा येतो, बऱ्याचदा तरणा, इथल्या वाटा-वेळा माहीत नसलेला.

पिंजरा कधीच नको असं मी म्हणत नाही. जो माणसांच्या मागं लागलाय तो काढलाच पाहिजे आणि तोही ताबडतोब. त्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 प्रमाणे. ग्रामसभेचा ठराव, घटनेची तारीख-वेळ-जागा आणि ठशांचे फोटो सोबत दिले तर प्रस्ताव लवकर हलतो. नुसता "बिबट्या दिसला" असा अर्ज दिला तर बरोबर बिबट्या सापडेल याची खात्री नसते. पकडलेल्यांना ठेवायला माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आहे, पण त्याची जागा मोजकीच. शिवारातला प्रत्येक बिबट्या तिथं मावणार नाही. म्हणून आपली जाळी, आपला उकिरडा आणि आपली सहा ते नऊची वेळ हे कुठल्याही परवानगीशिवाय आज रात्रीपासून करता येतं.

कॉलेजरोड

पटलं. ठशांचे फोटो कसे काढायचे तेही सांगा, नाहीतर लोक कुत्र्याचे पाठवतात.

रानवाट

कुत्रा आणि तरस यांच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या नाही, तो नखं आत ओढून चालतो. बिबट्याचा ठसा गोलसर, रुंदी सात ते नऊ सेंटिमीटर, चार बोटं, आणि मागच्या गादीला खालच्या कडेनं तीन फुगवटे. ते तीन फुगवटे दिसले की ठरलं. कुत्र्याचा ठसा लांबट आणि पुढची दोन बोटं जवळजवळ. ठशाशेजारी काडेपेटी ठेवा, मोबाइल सरळ वरून धरा, तिरका नको. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी काढा, उन्ह तिरपं असलं की कडा उठून दिसतात. वरून पाटी उलटी झाकून ठेवा, वनरक्षक येईपर्यंत ठसा टिकतो.

आशाताई

दुखापत झाली तर काय करायचं ते नीट वाचा.

मानेवर, डोक्यावर रक्त वाहत असेल तर पहिलं काम दाबणं. स्वच्छ सुती कापड किंवा धुतलेलं उपरणं जखमेवर ठेवून तळव्यानं घट्ट दाबून धरा. भिजलं तर काढू नका, वरून दुसरं ठेवा. 108 ला फोन करा. रस्ता लांबचा असेल तर गाडी येईपर्यंत थांबू नका, आपल्या गाडीनं निघा आणि 108 शी फोनवर बोलत वाटेत गाठ घाला.

रक्त थोडं असेल, किंवा नुसतं ओरखडलं असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा, अंदाजानं नाही. हळद, चुना, तंबाखू, मिरची, डिझेल काही लावायचं नाही. जंगली प्राण्याचा चावा किंवा ओरखडा कितीही छोटा असला तरी रेबीजच्या दृष्टीनं तो तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गात धरतात. नुसती लस पुरत नाही, जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही, म्हणून निघतानाच ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला फोन करून आहे का ते विचारा. लसीचे डोस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28. शून्य म्हणजे पहिली सुई दिली तो दिवस. जखम भरली म्हणून शेवटचा डोस सोडू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. टाके लगेच घालायचा आग्रह धरू नका, डॉक्टर आधी इम्युनोग्लोब्युलिन देतात.

बिबट्यानं चावलेलं कुत्रं किंवा शेळी जगली तर तिलाही लस द्यावी लागते. 1962 वर पशुवैद्यकीय फिरतं पथक मिळतं.

शाळेची_वाट

मुलांना काय शिकवायचं? पहिली ते चौथीची पोरं मळ्यातून चालत येतात.

आशाताई

ताई, मुलांना तीनच गोष्टी पाठ करून घ्या: पळायचं नाही, बसायचं नाही, पाठ फिरवायची नाही. पळालं की तो मागं लागतो, बसलं की लहान दिसतं. दप्तर दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचं, सगळ्यांनी एकमेकांना चिकटून जोरात ओरडायचं आणि त्याच्याकडे बघत मागं सरकायचं. वर्गात नुसतं सांगू नका, मैदानावर चार वेळा करून घ्या. मोठं माणूस बरोबर असेल तर त्यानं सगळ्यात लहान पोराला आधी कडेवर घ्यायचं.

मळ्यातली मुलं गट करून यावीत. पुढं एक मोठा, मागं एक मोठा, लहान मध्ये. उसातली पायवाट टाळून गाडीरस्ता, भले दहा मिनिटं जास्त लागोत. आणि संध्याकाळी सहानंतर अंगणात एकटं मूल नको. पाच वर्षांच्या आतलं तर आईच्या हाताच्या अंतरात, ओट्यावरसुद्धा.

जोडधंदा

शेळी गेली तर भरपाईला काय लागतं? लोक वर्ष-वर्ष फिरतात.

सातबारा

फिरावं लागतं ते बहुतेक पहिल्या दिवसाच्या चुकांमुळे. क्रमानं सांगतो.

मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, पुरायचं तर नाहीच. वनविभागाला 48 तासांच्या आत कळवायचं. फोन केला तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अंधारात दिसलं तर रात्रीच फोटो काढून ठेवा: एक जनावराचा पूर्ण, एक गळ्याचा जवळून, एक कानातल्या बिल्ल्याचा. पंचनामा वनरक्षक-वनपाल करतात आणि शवविच्छेदन पशुधन विकास अधिकारी. बिबट्यानं मारलेल्याच्या गळ्याला दोन-चार खोल भोकं असतात आणि बऱ्याचदा ओढल्याचा माग असतो. कुत्र्यांनी मारलेलं असेल तर मागचे पाय, शेपूट, कान फाटलेले आणि चावे पुष्कळ पण उथळ. कुत्र्यांनी मारलेल्याची भरपाई वनविभाग देत नाही, म्हणून गळ्याचा फोटो महत्त्वाचा.

कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला नसेल तर प्रकरण अडतं. 1 जून 2024 पासून शासनानं तो सक्तीचा केलाय, वन्यप्राण्याच्या हल्ल्याच्या भरपाईलाही. बिल्ला जनावराबरोबर मालकाच्या नावावर नोंदलेला हवा. बाजारातून आणलेल्या शेळीच्या बिल्ल्यावर आधीच्या मालकाचं नाव असतं, ते दवाखान्यात जाऊन बदलून घ्या.

रक्कम अशी: गाय, म्हैस, बैल यांना बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, यातलं कमी असेल ते. शेळी-मेंढीला तसंच 75 टक्के किंवा 15,000. माणूस गेला तर 2023 च्या शासन निर्णयाप्रमाणे 25 लाख, काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदत ठेवीत. कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात लाख, गंभीर जखमीला पाच लाख, किरकोळ जखमीला 50,000 पर्यंत औषधोपचाराचा खर्च. दवाखान्याची प्रत्येक पावती, डिस्चार्ज कार्ड जपा. बँक खात्यावरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना ते बघा. नावातल्या एका काना-मात्रेनं पैसे परत जातात.

विहिरीकाठ

बिबट्या विहिरीत पडला तर? कठडे नाहीत अशा विहिरी अजून आहेत.

रानवाट

पहिलं काम माणसं हटवणं. विहिरीच्या कडेला दोनशे जण वाकले की कडाच ढासळते, आणि वर गर्दी दिसली की तो वर यायला धजत नाही. पोलीस पाटलांनी पन्नास मीटरवर दोरी धरावी. मोटर बंद करा, वायर बाजूला घ्या. तो पोहतो, पण दमला की बुडतो. म्हणून वनविभाग येईपर्यंत बाज किंवा जाड लाकडी फळी चारी कोपऱ्यांना दोर बांधून पाण्याच्या पातळीवर सोडा, तो तिच्यावर चढून बसतो. शिडी मात्र सोडू नका, बिथरला तर तो भर गर्दीतही वर येईल. रात्री सगळे लांब गेल्यावर पथक शिडी किंवा पिंजरा सोडतं. घरात, गोठ्यात शिरला तर तसंच: आतली माणसं बाहेर, दार बाहेरून ओढून कडी, आणि खिडकीतून व्हिडिओ काढायला कुणी जायचं नाही.

बांधावरचा

निरोप पोचवण्याबद्दल थोडं. व्हॉट्सॲपवर जुने, परगावचे आणि आता तर संगणकानं बनवलेले बिबट्याचे व्हिडिओ फिरतात. त्यानं दोन गोष्टी होतात: उगाच पळापळ, आणि खरा निरोप आला की कुणी विश्वास ठेवत नाही. जागा, वेळ, पाहणाऱ्याचं नाव नसलेला निरोप पुढं पाठवू नका.

गाव ग्राम सुरक्षा यंत्रणेत असेल तर 1800 270 3600 वर फोन करून बोललेला निरोप नोंदलेल्या सगळ्या गावकऱ्यांना कॉल म्हणून जातो, साध्या फोनवरसुद्धा. वेळ थोडा मिळतो, म्हणून आधी ठरवून बोला: कोण बोलतोय, बिबट्या कुठल्या वस्तीवर, कुठल्या दिशेनं गेला, लोकांनी काय करायचं. "बिबट्या आला, पळा" असं सांगू नका. "अमुक मळ्यात बिबट्या दिसला, ओढ्याकडे गेला, पोरं-जनावरं आत घ्या, बघायला येऊ नका" असं सांगा. शेवटचं वाक्य नसेल तर निम्मं गाव बॅटऱ्या घेऊन तिकडंच येतं.

जोडधंदा

यंत्रणेत नोंदलेला नंबर बंद झाला असेल तर?

बांधावरचा

ग्रामपंचायतीत नवा नंबर द्या, कॉल नोंदलेल्या नंबरावरच येतो. टोळ्यांच्या मुकादमांचे नंबरही हंगामापुरते घालून घ्या. कोप्यांवर निरोप पोचायची तीच एक सोय आहे.

शेरडंकरडं

चिंचेची फांदी उतरवली. वरच्या जाळीला आडवे पाइप किती अंतरावर देऊ? वाडा बारा बाय वीस आहे.

जाळीवाला

बारा फुटांच्या बाजूनं आडवे, दर चार फुटांवर एक, म्हणजे मध्ये चार आणि दोन्ही टोकांना एकेक. दीड इंची पाइप चालेल. जाळीच्या दोन पट्ट्या जिथं जुळतात तो जोड पाइपावरच येऊ द्या, मधल्या मोकळ्या जागेत नको, आणि दर सहा इंचांवर तार पिळा. तारेची टोकं बाहेर वळवा, आत राहिली तर शेळ्यांचे डोळे जातात.